लहान दुर्बिणीतून दूरस्थ आकाशाचे निरीक्षण

चंद्रावरील विवरे, शनीची कडी आणि गुरूचे चार मोठे उपग्रह पाहून झाल्यावर हौशी निरीक्षकाचे लक्ष साहजिकच सूर्यमालेच्या पलीकडे वळते. तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका या दूरस्थ वस्तू १०० ते १५० मिलिमीटर व्यासाच्या साध्या दुर्बिणीतूनही पाहता येतात. मात्र त्यासाठी दुर्बिणीच्या आकाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व आकाशाच्या अंधाराला आहे.

मेसिए यांची यादी

धूमकेतूंचा शोध घेणारे फ्रेंच खगोलज्ञ चार्ल्स मेसिए (१७३०-१८१७) यांना १७५८ मध्ये वृषभ राशीत एक अंधुक ठिपका आढळला. तो धूमकेतूसारखा दिसत असला, तरी जागचा हलत नव्हता. अशा वस्तूंमुळे पुन्हा फसगत होऊ नये, म्हणून त्यांनी त्यांची नोंद ठेवली. १७८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत १०३ वस्तू होत्या. पुढे भर पडून ही संख्या ११० झाली. धूमकेतू समजू नयेत, अशा वस्तूंची ही यादी आज जगभरातील हौशी निरीक्षकांची मार्गदर्शिका ठरली आहे. मेसिए यांच्या काही दुर्बिणींच्या भिंगांचा व्यास जेमतेम ९० मिलिमीटर होता. त्यामुळे काळोख्या ठिकाणाहून ही संपूर्ण यादी लहान दुर्बिणीच्या आवाक्यात येते.

अंधार का हवा?

अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या बाहुलीचा व्यास सुमारे ७ मिलिमीटर असतो. १५० मिलिमीटरची दुर्बीण त्या मानाने सुमारे ४५० पट प्रकाश गोळा करते. ताऱ्यासारख्या प्रकाशबिंदूला याचा पुरेपूर लाभ होतो. पसरट तेजोमेघाचे मात्र तसे नाही. विवर्धन वाढविले की त्याचा प्रकाश अधिक क्षेत्रावर पसरतो आणि तो फिकट होतो. शिवाय आकाशात पसरलेला दिव्यांचा उजेडही दुर्बीण त्याच प्रमाणात गोळा करते. परिणामी शहरातील गच्चीवरून तेजोमेघ आणि पार्श्वभूमी यांतील फरकच नाहीसा होतो. अनेकदा दोष दुर्बिणीला दिला जातो. प्रत्यक्षात उणीव अंधाराची असते.

निरीक्षणाची पद्धत

प्रारंभ कमी विवर्धनाने करावा. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास ४८ पट विवर्धन मिळते. आकाशाचा विस्तृत भाग दिसत असल्याने वस्तू शोधणे त्यामुळे सोपे जाते. डोळे अंधाराला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. एवढ्या वेळात पांढरा दिवा किंवा मोबाइलचा पडदा पाहू नये. नकाशा वाचण्यासाठी मंद लाल प्रकाश वापरावा. अंधुक वस्तूकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवल्यास ती अधिक स्पष्ट दिसते, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसून त्याभोवती असतात. छायाचित्रांतील लाल-निळे रंग डोळ्यांना दिसत नाहीत. बहुतेक वस्तू करड्या धुरकट ठिपक्यांसारख्याच दिसतात, हे आधीच ध्यानात घेतले तर निराशा होत नाही.

काय पाहावे?

भारताच्या बहुतेक भागांत पावसाळा ओसरल्यानंतर निरीक्षणाचा हंगाम सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये सायंकाळी पश्चिमेकडील अभिजित ताऱ्याजवळ ‘एम ५७’ हा कड्याच्या आकाराचा तेजोमेघ सापडतो. रात्र चढताच देवयानी दीर्घिका, म्हणजे ‘एम ३१’, डोक्यावर येते. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत पोहोचतो. हिवाळ्यात मृग नक्षत्रातील ‘एम ४२’ हा तेजोमेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षे अंतरावर असूनही शहरातूनही दिसतो. त्याच्या गाभ्यातील चार तारे लहान दुर्बीणही वेगळे दाखविते. कृत्तिकांचा गुच्छ तर अगदी कमी विवर्धनानेच पाहावा.

मे महिन्यात रात्री दक्षिणेकडे दिसणारा ‘ओमेगा सेंटॉरी’ हा गोलाकार तारकागुच्छ मेसिए यांच्या यादीत नाही, कारण पॅरिसहून तो क्षितिजावर येतच नाही. दिल्लीतून तो कमाल १४ अंश, तर कन्याकुमारीहून सुमारे ३४ अंश उंचीवर येतो. दक्षिण भारतातील निरीक्षकांना लाभलेली ही विशेष संधी होय.

अंधाराचे रक्षण

आकाशाचा अंधार हीदेखील जपावयाची संपत्ती आहे, ही जाणीव देशात रुजू लागली आहे. लडाखमधील हानले येथील वेधशाळेभोवतीचा प्रदेश डिसेंबर २०२२ मध्ये ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून अधिसूचित करण्यात आला. तेथील स्थानिक तरुणांना दुर्बिणी व प्रशिक्षण देण्यात आले असून ते पर्यटकांना आकाश दाखवितात. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हा मान मिळविणारे ते देशातील पहिलेच ठिकाण आहे.

नदी किंवा हवा शुद्ध होण्यास वर्षे लागतात. प्रकाश-प्रदूषणाचे तसे नाही. दिव्यांना आच्छादन घालून त्यांचा झोत जमिनीकडे वळविला आणि अनावश्यक दिवे मालवले, तर त्याच रात्री आकाश अधिक गडद होते. लहान दुर्बिणीची क्षमता वाढविण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.