असरोलची मुळी आणि परळचे इस्पितळ

आमच्या मिरा-भाईंदरमध्ये अनेक घरांत बी.पी.ची गोळी असते. "इंग्रजी दवा आहे, एकदा लागली की सुटत नाही," असे म्हणत ती मध्येच बंदही केली जाते. वाचकहो, रक्तदाबाच्या औषधाचा इतिहास इतका परका नाही.

सर्पगंधेची मुळी वैद्य आणि हकीम पिढ्यान्‌पिढ्या उन्मादावर देत. युनानीत तिला असरोल म्हणतात. या दव्यांची रासायनिक तपासणी व्हावी, ही हकीम अजमल खान यांची तळमळ होती. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात डॉ. सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी ते काम हाती घेतले आणि 1931 मध्ये मुळीतून काही द्रव्ये वेगळी केली. हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ एकाचे नाव ठेवले 'अजमलीन'. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाब उतरवते, असे लिहिले.

पण जगाला पटले ते परळच्या के.ई.एम. इस्पितळामुळे. तेथील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांचा रक्तदाब नियमित मोजून 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला. चार आठवड्यांत 85 टक्के रुग्णांचा वरचा आकडा उतरला होता. बोस्टनच्या डॉक्टरांनी ही मुळी वापरून पाहिली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून 'रिसर्पिन' वेगळे झाले. डॉ. वकील यांना 1957 मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

निरोगी धमनी प्रत्येक ठोक्याला रबरासारखी ताणते आणि पूर्ववत होते. वय आणि वाढलेला दाब यांनी ती कडक होते. मग हृदयाला जोर जास्त लागतो. मेंदू व मूत्रपिंडातील बारीक वाहिन्या मार खातात. दुखत मात्र काहीच नाही! रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला, वाहिन्या आवळणारा साठा रिकामा करते. वाहिन्या सैल पडतात. मात्र त्याने काहींना उदासी येई. पुढे अधिक सोयीची औषधे आली आणि ते मागे पडले.

म्हणून आज कोणी मुळी उगाळून पिऊ नये. तिच्यात द्रव्य किती, हे घरी कळत नाही. असरोलला मान मिळाला तो देशी म्हणून नव्हे, आणि गोळी वाईट ठरत नाही ती इंग्रजी म्हणून. दोन्हींची पारख एकच : मोजमाप. गोळी सोडायची की बदलायची, हे आधी दाब मोजून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. हकीमसाहेबांना हवी होती ती तपासणी हीच.