शाळा आणि घरचा हिशेब

मुलगा शाळेंत कां येत नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा पालकाला आरोपीसारखा उभा करून विचारला गेला. “मग गुरें कोण राखणार?” हें त्याचें उत्तर सबब म्हणून बाजूला सारण्यांत आलें. सुमारें दीडशें वर्षांचा आपल्या शिक्षणाचा इतिहास या एका उत्तराच्या बाजूनें वाचूं लागलें, म्हणजे परिचित घटनाहि थोड्या निराळ्या दिसूं लागतात, असा आमचा अनुभव आहे.

१८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें आपलें निवेदन ठेविलें. रयतेच्या श्रमांतून सरकारी तिजोरी भरते आणि तिच्यांतून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस मिळतो, ही त्यांतील तक्रार सर्वश्रुत आहे. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, ही मागणीहि त्यांतलीच. परंतु त्याच निवेदनांतल्या दोन गोष्टी, ज्यांच्याकडे वाचकांचें लक्ष सहसा जात नाहीं, त्या आम्हांस अधिक मोलाच्या वाटतात. शेतकऱ्याचीं मुलें शाळेपासून दूर राहतात याचें एक कारण त्यांनीं दारिद्र्य हें दिलें. गुरें राखावयास व शेत सांभाळावयास घराला तीं मुलें लागतात, म्हणून त्यांस शिष्यवृत्त्या व बक्षिसें देऊन शाळेकडे ओढावें, असें त्यांनीं सुचविलें. दुसरी गोष्ट अशी कीं, शिक्षक शेतकरी वर्गांतून घ्यावेत. ते त्या लोकांत मोकळेपणानें मिसळतील व त्यांच्या गरजा त्यांस अधिक चांगल्या समजतील. शिष्यवृत्ति ही केवळ हुशारीची शाबासकी नसून घराच्या बुडालेल्या कामाची थोडीबहुत भरपाई होय, असा आम्ही याचा अर्थ लावतों. घराचा हिशेब शाळेच्या खर्चांत मांडावा, ही कल्पना येथें स्पष्ट दिसते.

पुढच्या पिढीनें मात्र कायद्याचा मार्ग धरला. १६ मार्च १९११ रोजीं गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. स्थानिक संस्थांनीं सरकारच्या संमतीनें आपापल्या क्षेत्रांत सक्ती लागू करावी आणि मुलास न पाठविणाऱ्या पालकास दंड व्हावा, अशी त्याची योजना होती. ज्याचें मासिक उत्पन्न दहा रुपयांच्या वर नाहीं त्याच्या मुलास फी माफ, हेंहि कलम त्यांत होतें. तेव्हां गोखल्यांस गरिबी दिसत नव्हती असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण फी माफ झाली तरी गुराख्याचा दिवस भरून निघत नाहीं. १९ मार्च १९१२ रोजीं तें बिल १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. तेथेंहि कसूर करणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. दंडास आम्ही सर्वस्वीं नांवें ठेवीत नाहीं. सक्तीवांचून मुलींच्या वाट्याला शाळा आली असती कीं काय, याची आम्हांस शंकाच आहे. तथापि दंड भरणारा मनुष्य शाळेस आपली म्हणेल, ही अपेक्षा करतां येत नाहीं.

कोल्हापुरांतच शिकलेल्या भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कऱ्हाड तालुक्यांतल्या काले गांवीं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह उभें केलें. ही संस्था चालली ती गांवोगांवच्या घरांच्या जिवावर. दळणाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूला काढावयाचें व तें संस्थेस द्यावयाचें, हा मुष्टिफंड. ज्या बाईनें शाळेची पायरी कधीं चढली नव्हती, तिचा या रीतीनें शाळेशीं रोजचा संबंध जडला. लक्ष्मीबाई पाटलांनीं तर मुलांच्या जेवणासाठीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रहि मोडलें. या नात्याची परीक्षा १९४८ सालीं झाली. भाऊरावांच्या टीकेमुळें रागावलेल्या मुंबई सरकारनें संस्थेचें अनुदान थांबविलें; तेव्हां लोकांनींच वर्गणी दिली आणि संस्था टिकली. अनुदान मागाहून पुन्हां सुरू झालें.

या मुठीचें कौतुक करतांना आमच्या मनांत एक कांटा सलतो. फुले असते तर त्यांनीं विचारलें असतें, कीं सारा भरलेल्या रयतेनें तेंच शिक्षण दुसऱ्यांदा कां विकत घ्यावें? या प्रश्नाला आमच्याजवळ समाधानकारक उत्तर नाहीं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पालकाचें स्थान कागदावर तरी पार पालटलें. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक, समितींत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या विकासाचा आराखडा त्यांनीं करावयाचा आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेखहि त्यांनींच करावयाची. गोखल्यांच्या बिलांतला दंडास पात्र पालक येथें हिशेब तपासणारा झाला. उणीव इतकीच, कीं सभेला येण्यासाठीं त्याची मजुरी बुडते ती या कायद्यानें कोठेंच धरलेली नाहीं. अमेरिकेंत गरीब वस्तींतल्या शाळांसाठीं १९६५ पासून जें केंद्रीय साहाय्य मिळतें, त्यांतून पांच लाख डॉलरांहून अधिक रक्कम घेणाऱ्या जिल्ह्यास निदान शेंकडा एक हिस्सा पालकांच्या सहभागासाठीं राखावा लागतो. आणि सभेस येणाऱ्यांचा प्रवासखर्च व त्या वेळेपुरती लहान मुलें सांभाळण्याचा खर्चहि त्यांतून करतां येतो. फुल्यांचा हिशेब दूरच्या देशांत कोणी तरी मांडला, असें मनांत येतें.

काहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतल्या अशा समितीची सभा पाहण्याचा योग आम्हांस आला होता. सभा सकाळीं अकराची. नोंदवहींत सगळ्या सभासदांच्या सह्या व अंगठे होते, खोलींत मात्र आमच्यासकट चार माणसें. बाकीच्यांचे अंगठे शिपायानें आदल्या रात्रीं घरोघर हिंडून आणले होते. दुपारीं परततांना वाटेवरच्या शेतांत खुरपणीस बसलेली एक बाई भेटली. ती त्याच समितीची सभासद निघाली. आराखड्यांत काय हवें होतें, असें आम्हीं सहज विचारलें. खुरपें न थांबवितां ती म्हणाली, “आधीं सभा दिवेलागणीला ठेवा म्हणावं.”