मुलांच्या अभ्यासाची वेबसाइट वापरायला खरंच सोपी आहे का? घरच्या घरी अशी तपासा

शाळेचं पोर्टल, सरकारी ई-पुस्तकं, क्लासचं लर्निंग ॲप, सराव परीक्षांची साइट. आज बहुतेक घरांत मुलांचा निम्मा अभ्यास स्क्रीनवर होतो. पण साइट चांगली की वाईट हे आपण ठरवतो ते रंग, ॲनिमेशन आणि जाहिरात बघून. मूल अडखळलं की म्हणतो, 'लक्षच नाही अभ्यासात.' अनेकदा लक्ष असतं, बटण सापडत नसतं.

खराडीचंच उदाहरण घ्या. ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरमधली कितीतरी मंडळी दिवसभर परदेशी ग्राहकांची सॉफ्टवेअर तपासतात. घरी आल्यावर मुलाची साइट मात्र कुणी तपासत नाही. त्याच खराडीत अशीही घरं आहेत जिथे एकच फोन असतो आणि तो वडिलांसोबत ड्युटीवर जातो. साइट या दोन्ही घरांत चालली पाहिजे. ती चालते का, हे तपासायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. एक संध्याकाळ, कागद-पेन आणि थोडा संयम पुरे.

'वापरसुलभता' म्हणजे नेमकं काय?

आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात याची व्याख्या आहे. ठरावीक लोकांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम करताना तीन गोष्टी मिळायला हव्यात:

- परिणामकारकता: काम पूर्ण झालं का?
- कार्यक्षमता: त्यासाठी किती वेळ आणि कष्ट लागले?
- समाधान: वापरणाऱ्याला ते बरं वाटलं का?

यातला 'ठरावीक' हा शब्द महत्त्वाचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर झकास चालणारी साइट सहावीतल्या मुलीला आजीच्या फोनवर सोपी असेलच असं नाही.

शैक्षणिक साइटला एक चौथा प्रश्नही विचारायला हवा: मूल काही शिकलं का? डोकं गणिताला लागलं पाहिजे, मेनू शोधायला नाही. उलट, उत्तर आयतं दाखवणारी साइट वापरायला सोपी असते, पण त्यातून शिकणं होत नाही.

पायरी १: आधी कामं ठरवा

'साइट कशी वाटली?' असं विचारलं की 'छान' एवढंच उत्तर येतं. म्हणून नेमकी कामं द्या. नमुन्यासाठी बालभारती घेऊ. २७ जानेवारी १९६७ ला पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. अनेक पुस्तकांतले क्यूआर कोड केंद्र सरकारच्या 'दीक्षा' प्लॅटफॉर्मवर नेतात. दीक्षा सुरू झालं २०१७ मध्ये. दहावीच्या मुलाला अशी कामं देता येतील:

१. दहावी, मराठी माध्यम, 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १' हे पुस्तक शोधून उतरव.
२. त्यातला 'गुरुत्वाकर्षण' हा धडा उघड.
३. पुस्तकात एखादा शब्द टाइप करून शोध.
४. क्यूआर कोड स्कॅन करून त्या धड्याचा व्हिडिओ लाव.
५. मध्येच फोन बंद कर, पुन्हा चालू कर आणि जिथे होतास तिथे परत जा.

प्रत्येक कामापुढे तीन नोंदी करा: झालं की नाही, किती वेळ लागला, कुठे अडलं. क्लासच्या ॲपसाठी यात 'चुकलेलं उत्तर पुन्हा बघ' आणि 'वर्गणी बंद कर' ही दोन कामं वाढवा.

पायरी २: मुलाला करू द्या, तुम्ही गप्प बसा

हे सगळ्यात अवघड. मूल अडकलं की आपलं बोट आपोआप स्क्रीनकडे जातं. ते आवरा. मुलाला फक्त एवढंच सांगा, 'जे मनात येईल ते मोठ्याने बोल.' आणि सुरुवातीलाच स्पष्ट करा की परीक्षा साइटची आहे, तुझी नाही.

मूल कुठे थांबतं, चुकून काय दाबतं, मागे किती वेळा जातं, 'हे काय आहे?' असं कधी म्हणतं, ते टिपून ठेवा. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांचा जुना सल्ला आहे की अशा चाचणीला पाच जण पुरतात. बहुतेक मोठ्या अडचणी तेवढ्यात वर येतात. सोसायटीतली पाच मुलं मिळणं अवघड नाही. फक्त पाचही जण एकाच वयाची आणि भारी फोनवाली नकोत.

पायरी ३: तज्ज्ञांची यादी, आपल्या कामापुरती

नील्सन यांनी १९९४ मध्ये चांगल्या इंटरफेसची दहा तत्त्वं मांडली. आजही कंपन्यांत तीच वापरतात. अभ्यासाच्या साइटला त्यातली चार जास्त लागू पडतात:

- काय चाललंय ते दिसतं का? 'सबमिट' दाबल्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं तर मूल चार वेळा दाबतं. 'तुमची उत्तरं जमा झाली' असा स्पष्ट निरोप हवा.
- भाषा मुलाची आहे का? 'असेसमेंट मॉड्यूल'पेक्षा 'चाचणी' बरं.
- चूक सुधारता येते का? वेळ लावलेल्या परीक्षेत चुकून 'मागे' दाबलं तर उत्तरं पुसली जाता कामा नयेत.
- ओळखता येतं की आठवावं लागतं? काल अर्धवट राहिलेला धडा पहिल्याच पानावर दिसायला हवा.

पायरी ४: मराठी नीट आहे का?

परदेशी चेकलिस्टमध्ये हा भाग सापडत नाही, आणि आपल्याकडे गाडी इथेच जास्त अडते.

*शोध चालतो का?* जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बनवलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं डोळ्यांना बरोबर दिसतात, पण शब्द शोधला तर सापडत नाही आणि कॉपी केला तर भलतीच चिन्हं येतात. स्कॅन केलेल्या पानांचंही तेच. तो नुसता फोटो असतो. तपासायला सोपं: एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून बघा.

*ऱ्य आणि ऱ्ह कसे दिसतात?* 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला. फॉन्टने हा फरक दाखवलाच पाहिजे. आत आणखी एक गोम आहे. हा अर्धा र संगणकात दोन पद्धतींनी लिहिता येतो: 'ऱ' आणि हलन्त वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. दिसायला दोन्ही सारखेच. साइट बनवणाऱ्याने ही सोय केली नसेल, तर 'कऱ्हा' किंवा 'वऱ्हाड' शोधल्यावर 'काहीही सापडले नाही' असं उत्तर येतं, धडा समोर असूनही. खराडीकरांनी 'चऱ्होली' टाकून बघावं.

*ल आणि श मराठी वळणाचे आहेत का?* अनेक फॉन्ट आधी हिंदी वळणाची अक्षरं दाखवतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली, तर काही फॉन्ट आपोआप मराठी वळण घेतात. पहिलीतलं मूल वहीत एक 'ल' गिरवतं आणि स्क्रीनवर दुसरा बघतं, हे बरं नाही. हीच नोंद स्क्रीन रीडरलाही लागते; नसेल तर मराठी मजकूर चुकीच्या उच्चारात वाचला जाऊ शकतो.

*आकडे?* उत्तर '२५' लिहिलं आणि साइटला '25' असं रोमन लिपीतलं हवं होतं, म्हणून बरोबर उत्तराला चूक देणारी चाचणी असेल, तर तिथे मुलाचा आत्मविश्वास जातो. दोन्ही आकडे टाकून बघा.

पायरी ५: साधा फोन, साधं नेट

वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर बघा. लिफ्टजवळ किंवा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा. आकडे हवे असतील तर गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये साइटचा पत्ता टाका. ढोबळ निकष असे: पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा आणि दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा. पान लोड होताना बटणं खाली-वर उड्या मारत असतील तर तोही दोषच.

पायरी ६: सगळ्यांना वापरता येते का?

डब्ल्यूसीएजी हे वेब सुगम्यतेचे जागतिक निकष आहेत, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यानुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा रंगभेद किमान ४.५ ला १ हवा. फिकट राखाडीवर पांढरं, म्हणजे नापास. अक्षरं दुप्पट मोठी केली तरी पान मोडू नये. फोनमधलं टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून एक धडा उघडून बघा. आकृतीच्या जागी नुसतं 'इमेज' ऐकू आलं, तर दृष्टिबाधित मुलासाठी ती आकृती नाहीच.

पायरी ७: ओटीपी, पैसे आणि माहिती

लॉगिन करताना ओटीपी वडिलांच्या फोनवर आणि वडील शिफ्टमध्ये, म्हणजे संध्याकाळचा अभ्यास बंद. पिन किंवा पासवर्डचा पर्याय आहे का बघा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे. धडा बघायला आधार क्रमांक किंवा फोनमधले सगळे नंबर मागितले, तर 'कशाला?' हे विचाराच. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ फसव्या डिझाइन-युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई आणि वर्गणीचा सापळा त्यात येतात. 'फक्त १० मिनिटं शिल्लक' हे घड्याळ दुसऱ्या दिवशीही तितकंच दाखवत असेल, तर समजून जा.

गुण कसे द्यायचे?

जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली 'एसयूएस' ही दहा वाक्यांची प्रश्नावली वापरा. प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण द्यायचे. विषम क्रमांकाच्या वाक्यांत गुणांतून १ वजा करा. सम क्रमांकाच्या वाक्यांत ५ मधून गुण वजा करा. बेरीज करून २.५ ने गुणा. समजा बेरीज ३० आली, तर ७५ गुण. साधारण सरासरी ६८ धरतात. हे टक्के नाहीत, आणि ६८ म्हणजे 'फर्स्ट क्लास' नव्हे! लहान मुलांना आकड्यांऐवजी तीन चेहरे द्या: हसरा, साधा, रडका.

पण गुणांपेक्षा अडचणींची यादी कामाची. तिचे तीन गट करा: कामच होत नाही, होतं पण त्रासाने, नुसतं खटकतं. पहिल्या गटात एक जरी गोष्ट असली, तरी एकूण गुण कितीही येवोत, ती साइट अजून तयार नाही.

पुढे काय?

यादी कपाटात ठेवू नका. शाळेला किंवा कंपनीला लिहा, पण 'तुमची साइट बेकार आहे' असं नको. कोणतं काम, कोणता फोन, कोणतं पान, काय अपेक्षित होतं, काय झालं, आणि एक स्क्रीनशॉट. एवढं दिलं की दुरुस्ती करणाऱ्याला पळवाट राहत नाही. पैसे भरायचे असतील तर ही चाचणी मोफत कालावधीतच उरका. त्या पाच मुलांपैकी दोन जरी पहिल्याच कामात अडली, तर वर्षभराची फी भरण्याआधी दहादा विचार करा.