देवनहळ्ळीचे धुके आणि पुण्याची एक नोंद

देवनहळ्ळी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित असते ते तेथील किल्ल्यामुळे. टिपू सुलतानाचा जन्म या गावचा. तिसऱ्या म्हैसूर युद्धात मराठे आणि इंग्रज एका बाजूस असताना, १७९१ साली, कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला घेतला. आज मात्र गावाची ख्याती निराळ्या कारणाने आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, आणि त्या कारखान्याच्या धावपट्टीवरूनच पुढे कित्येक वर्षे शहराची प्रवासी विमाने ये-जा करीत. मे २००८ मध्ये ही वाहतूक देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळाकडे गेली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९१५ मीटर उंचीवरचे हे मोकळे पठार. उत्तरेला नंदीदुर्गाची डोंगररांग. जागा प्रशस्त होती. परंतु हिवाळ्याच्या पहाटे तेथे एक अडचण ठाण मांडून बसे. ती अडचण म्हणजे धुके.

धुके सर्वत्र एकाच जातीचे नसते. उत्तर ध्रुवाकडील सागरकिनाऱ्यावर, उदाहरणार्थ अलास्कातील बॅरो येथे, धुक्याचा खरा हंगाम उन्हाळा. दमट हवा थंडगार पाण्यावरून व बर्फावरून वाहते, तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनू लागतात आणि वारा ते धुके किनाऱ्यावर आणून टाकतो. ऑगस्ट १९३५ मध्ये बॅरोकडे निघालेले नामांकित वैमानिक वायली पोस्ट आणि विनोदी लेखक विल रॉजर्स यांना खराब हवेत वाट सापडेना. ती विचारण्यासाठी ते एका खाजणात उतरले. तेथून पुन्हा उडताना विमान कोसळले आणि दोघेही प्राणास मुकले. आकाशात वाट चुकणे म्हणजे काय, याची कल्पना या एका घटनेवरून यावी.

देवनहळ्ळीचे धुके समुद्रावरून येत नाही. ते जागच्या जागी जन्म घेते. साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत रात्री आकाश निरभ्र असते आणि वारा पडलेला असतो. दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे सोडून देते. तिच्या सान्निध्यातील दमट हवा थंड होते आणि पहाटेच्या सुमारास बाष्पाचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगू लागतात. वारा अगदीच नसेल तर पुष्कळदा नुसते दव पडते. तो जोराचा असेल तर वरची कोरडी हवा खाली मिसळून धुके जमतच नाही. या दोहोंच्या मधली नाजूक अवस्था केव्हा येईल, हे आधी सांगणे अवघड. सूर्य वर आला की धुके विरते. पण पहाटेच्या त्या तासांतच विमानांची गर्दी असते.

रात्री जमिनीलगतची हवा नेमकी कशी थंड होते, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पाठ्यपुस्तकांतील उत्तर असे की सर्वांत थंड असते ती जमीन, आणि तिच्यापासून वर जावे तसतशी हवा उबदार होत जाते. या उत्तराला धक्का बसला तो पुण्यात. १९२८ साली हवामानखात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर त्या इमारतीला अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखतात. तेथे शेतीविषयक हवामानाचे काम उभारणारे डॉ. एल. ए. रामदास हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे शिष्य. पिकाला जी हवा लागते ती जमिनीजवळची, म्हणून त्यांनी तापमापके जमिनीच्या अगदी निकट लावली. १९३२ साली त्यांनी व आत्मनाथन यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष चमत्कारिक होता. शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा उघड्या जमिनीला चिकटून नसते. ती तिच्यावर वीत-दीड वीत उंचीवर असते!

शास्त्रज्ञांना हे पटेना. थंड हवा जड. ती उबदार हवेवर तरंगत राहीलच कशी? तापमापकेच चुकली असतील, अथवा शेजारच्या शेतातील गार हवा वाहत आली असेल, असे आक्षेप निघाले. परंतु नोंद टिकली. १९५७ साली राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने पुण्यातच केलेली काटेकोर मोजमापे प्रसिद्ध झाली आणि शंकेला फारशी जागा उरली नाही. कारणाचा उलगडा व्हावयास आणखी काही दशके लागली. १९९३ साली बंगळूरचे रोद्दम नरसिंह, वासुदेव मूर्ती व जे. श्रीनिवासन यांनी जमीन व हवा यांच्यामधील प्रारणाच्या देवघेवीवरून या घटनेची उपपत्ती मांडली. पुढे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील के. आर. श्रीनिवास व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा त्यातील वाटा दाखवून दिला.

हे केंद्र आहे जक्कूरला, बंगळुराहून देवनहळ्ळीकडे जाणाऱ्या वाटेवर. विमानतळाच्या चालकांनी धुक्याच्या अभ्यासासाठी याच केंद्राचे साहाय्य घेतले. धावपट्टीच्या परिसरात उपकरणे मांडून जमिनीचे व निरनिराळ्या उंचीवरील हवेचे तापमान, आर्द्रता आणि प्रारण मोजले जाऊ लागले. जो थर पुण्याच्या शेतात प्रथम हाती लागला, त्याचाच विचार आता विमानांच्या सुरक्षिततेसाठी करावा लागत होता.

याच काळात यंत्रांनीही वैमानिकाला पुष्कळ आधार दिला. पूर्वी देवनहळ्ळीस उतरण्यासाठी धावपट्टीवर किमान ५५० मीटरपर्यंत दिसणे आवश्यक असे. तेवढे न दिसल्यास आकाशात घिरट्या घालणे किंवा चेन्नई, हैदराबाद गाठणे, एवढेच वैमानिकाच्या हाती उरे. डिसेंबर २०१९ मध्ये दुसरी धावपट्टी सुरू झाली आणि २०२०-२१ च्या हिवाळ्यात तिच्यावर अधिक सूक्ष्म मार्गदर्शक यंत्रणा कार्यान्वित झाली. त्यामुळे दृश्यमानता ५० मीटरवर आली तरी उतरता येते आणि १२५ मीटरवर उड्डाण करता येते. मात्र विमान त्या दर्जाचे हवे आणि वैमानिकही तसा प्रशिक्षित हवा.

तरीही यंत्र सांगते ते या क्षणीचे. वैमानिकाला निर्णय घ्यावा लागतो तो कित्येक तास आधी, दूरच्या शहरात, टाकीत इंधन किती भरावे हे ठरविताना. पहाटे धुके पडणार की नाही, आणि पडले तर केव्हा विरणार, हे त्याला तेव्हाच कळले तर पुढचा खोळंबा आणि धोका दोन्ही टळतात. त्या भाकिताची किल्ली जमिनीवरील वीतभर हवेत आहे. १९३२ साली पुण्यात ती हवा वाकून मोजणाऱ्यांपुढे विमाने नव्हती, पिके होती. ग्रंथात बसत नाही म्हणून त्यांनी आपली नोंद खोडून टाकली नाही, हे त्यांचे ऋण देवनहळ्ळीच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर आहे.