लहान शहरांच्या सांडपाण्यासाठी केंद्रीय अनुदान : पात्रता कशी विस्तारली?

शहरातील सांडपाण्यावर प्रक्रिया करूनच ते नदीत सोडण्याची जबाबदारी नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे. मात्र प्रक्रिया केंद्र स्वबळावर उभारणे बहुतेक नगरपालिका व नगरपंचायतींच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यामुळे केंद्राच्या अनुदानास कोणती शहरे आणि कोणती कामे पात्र ठरतात, यावर नद्यांच्या स्वच्छतेचे बरेच काही अवलंबून आहे.

नदीकडून शहराकडे

केंद्रीय मदतीची सुरुवात गंगा कृती आराखड्यापासून झाली. १९९५ मध्ये राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेद्वारे ती अन्य नद्यांपर्यंत पोहोचली. पुण्यातील मुळा-मुठा प्रकल्प याच योजनेतील असून त्यास जपानच्या ‘जायका’ संस्थेचे कर्जसाहाय्य आहे. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत’ अभियानात ५०० शहरांतील मलनिस्सारणाचा समावेश झाला. परंतु ही शहरे प्रामुख्याने एक लाखाहून अधिक लोकसंख्येची होती. स्वच्छ भारत अभियानाच्या पहिल्या टप्प्यात शौचालये व घनकचरा यांवर भर होता. लहान शहरांचे सांडपाणी दोन्ही योजनांच्या कक्षेबाहेर राहिले.

२०२१ मधील बदल

१ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी सांडपाणी व्यवस्थापन हा नवा घटक समाविष्ट झाला. २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी अभियानाचा एकूण आराखडा सुमारे १,४१,६०० कोटी रुपयांचा असून त्यात केंद्राचा वाटा ३६,४६५ कोटी रुपये आहे.

प्रक्रिया केंद्रे, उघडे नाले अडवून त्यांतील पाणी केंद्राकडे वळविण्याची व्यवस्था, पंपिंग स्टेशन आणि सेप्टिक टँक उपसणारी वाहने ही कामे अनुदानास पात्र आहेत. केंद्र व राज्य यांच्या निधीचे प्रमाण एक लाखाखालील शहरांसाठी ५०:५०, एक ते दहा लाखांच्या शहरांसाठी ३३:६७ आणि त्यावरील शहरांसाठी २५:७५ असे आहे. शहर जितके लहान, तितका केंद्राचा वाटा मोठा.

प्रत्येक लहान शहरात भुयारी गटारांचे जाळे शक्य नसल्याने मैला गाळावर प्रक्रिया करण्याचा पर्यायही महत्त्वाचा ठरतो. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे सेप्टिक टँकचा ठरावीक कालावधीने उपसा करण्याची पद्धत राबविण्यात आली आहे.

उभारणीनंतरचा प्रश्न

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातील शहरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. स्थापित प्रक्रिया क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर असली, तरी प्रत्यक्षात २०,२३५ दशलक्ष लिटर, म्हणजे सुमारे २८ टक्के सांडपाण्यावरच प्रक्रिया होत होती. मंडळाच्या २०२२ च्या अहवालात २७९ नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित आढळले. त्यांपैकी सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातील होते.

केंद्रे उभी असूनही ती पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, असे या आकड्यांवरून दिसते. अनुदान मुख्यत्वे भांडवली खर्चासाठी असते. वीजबिल, देखभाल व कुशल मनुष्यबळाचा खर्च पुढील अनेक वर्षे स्थानिक संस्थेलाच पेलावा लागतो. नमामि गंगे कार्यक्रमातील ‘हायब्रीड ॲन्युइटी’ पद्धतीत ठेकेदारास ४० टक्के भांडवली रक्कम बांधकामाच्या काळात, तर उर्वरित ६० टक्के केंद्राच्या कामगिरीनुसार १५ वर्षांत दिली जाते. पात्रतेच्या कक्षेत नव्याने आलेल्या लहान शहरांसाठीही अशी दीर्घकालीन तरतूद हाच कळीचा मुद्दा आहे.