सव्वा रुपयाचा दंड : ‘वाळीत’ची कुळकथा

‘वाळीत टाकणे’ म्हटले की झाडापासून तुटून सुकलेली फांदी डोळ्यांसमोर येते. चित्र चपखल असले तरी व्युत्पत्ती ती नव्हे. जुन्या मराठीत सुकण्याच्या ‘वाळणे’हून वेगळे असे दुसरे ‘वाळणे’ होते. ते सकर्मक क्रियापद, अर्थ टाकून देणे, जातीबाहेर काढणे. ‘वाळीत’ त्याचेच रूप. विदर्भात याच शिक्षेला ‘हुक्कापाणी बंद’ म्हणतात आणि हे नाव अधिक उघड बोलते, कारण नेमके काय बंद होणार ते त्यात सांगितलेले आहे. जुन्या गावात विहिरीचे पाणी, चुलीसाठी शेजारचा विस्तव, न्हावी, परीट, पंगत, सोयरीक आणि शेवटी तिरडीला खांदा हे सगळे दुसऱ्याच्या हातून मिळे. ते हात मागे घेतले की झाले. तुरुंग, शिपाई, फटके यांची गरज उरत नसे.

पण हे सगळे हात एकदम मागे कसे येतात? शेजारणीचा त्या घराशी काही वाद नसतो, न्हाव्याला आपले गिऱ्हाईक हवेच असते. या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला १८८८ च्या मुंबईत सापडते. मोहनदास गांधी विलायतेला निघाले तेव्हा मोढ वाण्यांच्या जातसभेने त्यांना बोलावून घेतले. ते बधेनात, म्हणून जातीच्या शेठने त्यांना जातीबाहेर काढले आणि पुढे जाहीर केले की जो या मुलाला मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड. दंड मोहनदासांना नव्हता, त्यांच्याशी माणसासारखे वागणाऱ्याला होता. मेहुण्याकडे ठेवलेले प्रवासाचे पैसे मागितले तर जात जाईल या भीतीने त्याने ते दिले नाहीत. वाळीत टाकण्याचे खरे यंत्र ते हेच. पहिली शिक्षा नियम मोडणाऱ्याला, दुसरी ती पहिली शिक्षा न पाळणाऱ्याला. दुसरी नसेल तर पहिली आठवडाभरही टिकणार नाही. त्यामुळे वाळीत टाकलेल्या घराभोवती जी शांतता दिसते ती गावाची संमती आहे असे समजणे मोठी चूक आहे. तिच्यात बहुतांशी प्रत्येकाची स्वतःच्या घराची भीती असते.

पेशवाईत आणि नंतर अशा वादांना ‘ग्रामण्य’ म्हणत. आत जाण्याची वाटही ठरलेली असे: प्रायश्चित्त, जातीला जेवण आणि मग पंगतीत पाट. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून जे ग्रामण्य माजले, ते शंकराचार्यांनी नेमलेल्या शास्त्र्यांपर्यंत गेले. आरोप आलेल्यांत टिळक होते, रानडेही होते, आणि दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. हायकोर्टापर्यंत दबदबा असलेल्या रानड्यांना एका पेल्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले, यावरून या शिक्षेची पकड कळते. तिथे पोट कोणाचेच तुटणार नव्हते. घरातल्या कार्यांना भटजी मिळणार नाही, मुलीबाळींची लग्ने अडतील, एवढी भीती पुरे झाली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. गावात पोलीस नव्हते, कोर्ट लांब होते. अशा वेळी बांध कोरणाऱ्याला, बायकोला मारणाऱ्याला आवर घालायला याशिवाय गावाजवळ काय होते? शिवाय सरकारी दंड तरी किती पोचतो? वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा आहे. शिक्षा कायद्यात लिहिलेली आहे, तरी मोहाच्या दारूवरच्या धाडी थांबलेल्या नाहीत. शेजाऱ्याची नजर शिपायाहून लांब पोचते, हे मान्यच करावे लागते. पण नजर कशावर रोखलेली होती तेही पाहायला हवे. समुद्र ओलांडणे, मिशनऱ्यांच्या चहाचा पेला, जातीबाहेरचे लग्न, परक्या पाणवठ्यावर टाकलेला पाय: वाळीत टाकण्याच्या ज्या हकिगती इतिहासात गाजल्या त्या बहुतेक अशा आहेत. बायकोला मारले म्हणून कोणाचे ग्रामण्य गाजल्याचे स्मरत नाही. जे यंत्र भीतीवर चालते ते ज्याच्या हातात असते त्याचाच नियम राखते.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. बहिष्कार तर स्वातंत्र्याचे हत्यार होता! इंग्रजीतला ‘बॉयकॉट’ हा शब्द १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात जन्मला. कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी आणि दुकानदारांनी व्यवहार तोडले. त्याचे पीक काढायला बाहेरून मजूर आणि त्यांच्या रक्षणाला फौज आणावी लागली. १९०५ नंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत विलायती मालावरचा बहिष्कार आला. जातीबाहेर घालवण्याचा जुना शब्द देशाच्या कामी लागला. पण त्याच शब्दाची दुसरी बाजू बाबासाहेब आंबेडकर जगत होते. १९२४ मध्ये त्यांनी सभेचे नाव बहिष्कृत हितकारिणी सभा ठेवले, १९२७ मध्ये पत्राचे नाव ‘बहिष्कृत भारत’. त्याच वर्षी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्याल्यानंतर अस्पृश्यांची कामे तोडण्यात आली, जमिनी काढून घेण्यात आल्या. फरक दिशेचा आहे. बॉयकॉट गाडीत बसून निघून जाऊ शकत होता, मँचेस्टरची गिरणी तहानेने मरत नव्हती. महाडच्या भूमिहीन मजुराला जायला दुसरे गाव नव्हते. १९३० मध्ये गोलमेज परिषदेसमोर आंबेडकरांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना घेतला. महाराष्ट्राच्या आजच्या कायद्याची कुळी मी तिथून धरतो.

तो कायदा यायला फार वेळ लागला. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने जातिबहिष्कार बंदीचा कायदा केला; वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होते, म्हणून तिथे तो लागू नव्हता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा पंथाच्या प्रमुखांच्या, म्हणजे सय्यदनांच्या, खटल्यात तो बहुमताने रद्द केला: पंथातून कोणाला काढावे हा धर्माचा अंतर्गत विषय आहे, असे ठरले. सरन्यायाधीश सिन्हांनी असहमती नोंदवली. २०२३ मध्ये घटनापीठाने हा प्रश्न फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांकडे सोपवला, आणि सिन्हांचीच बाजू बरोबर होती असे मी मानतो, कारण काढणे पंथाचे असेल, पण पाणी, वाट आणि दफनभूमी बंद होते ती नागरिकाची. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याचे मोल मला शिक्षेच्या आकड्यात दिसत नाही. सव्वा रुपयाचा दंड बसवणारा आता स्वतः आरोपी होतो; ‘मी पाणी दिले तर मला दंड होईल’ असे म्हणणाऱ्याच्या मागे पहिल्यांदाच कोणी उभे राहते. तो शेजारी साक्षीला आला तरच हा कायदा चालेल, नाहीतर कलमे कागदावर राहतील.

बोरगाव मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे ही वर्धा शहराला लागलेली गावे. तिथे नळ, सलून आणि भाड्याच्या खोल्या आल्या की विहीर-विस्तवाची पकड आपोआप सुटते. सोयरीक आणि मयतीची सुटत नाही, कारण ती विकत मिळत नाही. धनिकाला ही पकड आधीच सैल होती. जुलै १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी अस्पृश्यांना खुले केले, ते त्यांच्या धैर्याचे होतेच. पण कोणी पंगत मोडली असती तरी त्यांची चूल थंड पडली नसती. भूमिहीनाने हेच केले असते तर काय झाले असते, ते महाडने आधीच्याच वर्षी दाखवले होते.

विलायतेहून परतल्यावर गांधींना भावाने नाशिकला नेऊन स्नान घातले. जातीच्या एका तडाने आत घेतले, दुसऱ्याने नाही. त्या तडातल्या सासुरवाडीत आणि बहिणीकडे लपून पाणी द्यायला सगळे तयार होते. गांधी प्यायले नाहीत, कारण उघड जे करता येत नाही ते चोरून करायचे नव्हते. पुढे सेवाग्रामच्या वर्षांत, १९४० च्या दशकात, त्यांनी ठरवले की एक बाजू हरिजन आणि दुसरी सवर्ण असेल त्याच लग्नाला आपण आशीर्वाद द्यायला जायचे. आपले सचिव महादेवभाई देसाई यांच्या मुलाच्या, नारायण देसाईंच्या, लग्नालाही ते याच कारणाने गेले नाहीत. लग्न झाले, पंगत बसली, आणि जे कोणी गेले त्यांना कसलाही दंड नव्हता.