सोमवारचा ब्रेक, रविवारचा ब्रेक

1888 सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेन्झ ही बाई नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन माहेरी निघाली. बरोबर दोन मुलगे. जर्मनीतल्या मानहाइमपासून फोर्ट्‌सहाइमपर्यंतचं अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. वाटेत तिनं औषधांच्या दुकानातून इंधन घेतलं, ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र त्या प्रवासातला दुसराच प्रसंग मोठा वाटतो. उतारांवर ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या एका गावात तिनं मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक पॅडचं मूळ त्या चामड्याच्या तुकड्यात आहे.

हे आठवायचं कारण, हल्ली तरुण मंडळी मला एक प्रश्न हटकून विचारतात. आठवडाभर गाडी ऑफिसला न्यायची आणि वर्षातून दोन-तीनदा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर मनसोक्त पळवायची. दोन्हीकडे चालतील असे पॅड कोणते? प्रश्न नवा वाटतो. पण गेली सव्वाशे वर्षं ब्रेक बनवणारे याच प्रश्नाशी झगडत आले आहेत.

इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा एक फिरता विक्रेता होता. उतारावरून घोडागाडी उतरवताना तिथले शेतकरी लाकडी ब्रेकवर जुने बूट ठोकतात, हे त्यानं पाहिलं. 1897 मध्ये त्यानं यावर प्रयोग सुरू केले. सुताचं जाड कापड विणून, डांबर-राळेसारख्या पदार्थांत भिजवून त्यानं अस्तर तयार केलं. घोडागाडीला ते छान चाललं. पण मोटारीचा वेग वाढला, तसं सूत जळू लागलं. 1908 मध्ये फ्रूडनं सुताऐवजी अॅस्बेस्टॉस वापरलं. त्याच्या 'फेरोडो' कंपनीचं नाव जगभर गेलं ते त्यानंतर.

अॅस्बेस्टॉस जळत नाही, स्वस्त आहे, थंड असतानाही धरतं आणि तापल्यावरही बरंच टिकतं. रोजच्या आणि वेगाच्या वापरासाठी एकच पदार्थ हवा, या मागणीला इतकं चांगलं उत्तर तोवर मिळालं नव्हतं. त्याची किंमत मात्र भलत्यांनीच मोजली. रॉचडेल गावात अॅस्बेस्टॉसचं सूत काढणारी नेली केरशॉ 1924 मध्ये अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी फुफ्फुसं निकामी होऊन वारली. तिच्या फुफ्फुसांत अॅस्बेस्टॉसचे कण सापडले. तरी ब्रिटनला पूर्ण बंदी घालायला 1999 साल उजाडलं. मधल्या काळात कितीतरी गॅरेजांतली पोरं ड्रम उघडून आतली भुकटी तोंडानं फुंकून उडवत होती. एका साध्या अस्तराच्या इतिहासात एवढी माणसं दडलेली असतील, असं आपल्याला वाटत नाही.

आता डिस्क ब्रेककडे येऊ. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं 1902 मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. पण त्याचे पॅड तांब्याचे. धातूवर धातू घासून ते किंचाळत, झिजत. कल्पना उत्तम, पॅड मात्र कच्चे. म्हणून ती पन्नास वर्षं मागे पडली. 1953 मध्ये फ्रान्समधल्या ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारनं डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या गाड्या उतरवल्या. तिथल्या सुमारे सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्याच्या टोकाला अवघड वळण होतं. ड्रमवाल्यांना तिथे लवकर वेग आवरावा लागे; जॅग्वारवाले उशिरापर्यंत पळत. रोल्ट आणि हॅमिल्टन जिंकले, आणि सरासरी वेग ताशी 170 किलोमीटर!

दोनच वर्षांनी, 11 जून 1955 रोजी, त्याच ट्रॅकवर डिस्क ब्रेकची एक जॅग्वार थांब्यासाठी झपाट्यानं मंदावली. मागचा ऑस्टिन-हीलीवाला तिला चुकवायला वळला आणि त्याच्यावर मागून येणारी मर्सिडीज आदळून प्रेक्षकांत घुसली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या मर्सिडीजला ड्रम ब्रेक होते. दोष कुणाचा, यावर अजून वाद आहेत, आणि चौकशीनं कुणा चालकाला दोषी धरलं नाही. मला त्यातून एवढंच दिसतं, की एकाच रस्त्यावरच्या गाड्यांची थांबण्याची ताकद वेगवेगळी असेल, तर तेही धोक्याचं असतं.

मग त्या तरुणांच्या प्रश्नाचं काय? आधी उष्णतेचा हिशेब करू. बाराशे किलोची गाडी ताशी 160 वरून 60 वर आणली, की जी ऊर्जा उरते, तिच्यावर घरातलं साडेतीन लिटर पाणी उकळेल. एवढी उष्णता काही सेकंदांत पॅड आणि डिस्कनं सोसायची, आणि मिनिटभरात पुढच्या वळणावर पुन्हा. रस्त्याच्या पॅडमधली राळ अशा वेळी जळून वायू सोडते, पॅड घसरू लागतो. पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर मात्र दोष पॅडचा नाही. ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. ते हवेतली ओल शोषतं. 'डॉट 4' दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत टिकायला हवं. ओल शिरल्यावर ती मर्यादा 155 पर्यंत घसरू शकते. ट्रॅकला जाण्यापूर्वी ऑइल बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि लोक नेमका तोच विसरतात.

उलट बाजूही तितकीच खरी. शर्यतीचा पॅड तापल्याशिवाय जागा होत नाही. तो लावून सोमवारी सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलात आणि समोर सायकलवर पोर आलं, तर पहिल्या दाबाला तो हवा तसा धरणार नाही. शिवाय करकर, काळी भुकटी आणि डिस्कची झीज आहेच. अनेक पॅडच्या कडेवर दोन अक्षरं छापलेली असतात, 'एफएफ' किंवा 'जीजी' अशी. पहिलं अक्षर मध्यम तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. ती परीक्षा साधारण साडेतीनशे अंशांपर्यंतच असते, त्यामुळे ट्रॅकवर काय होईल हे त्या अक्षरांवरून कळत नाही. अक्षरं पाहून हुरळून जाऊ नका.

माझं मत स्पष्ट आहे. गाडीला रस्त्याचेच चांगले पॅड असू द्या. ट्रॅकसाठी वेगळा जोड डिकीत न्या, तिथे बदला, आणि निघण्यापूर्वी पुन्हा रस्त्याचे बसवा. पुण्याहून चेन्नई काही हजारपाचशे पावलांवर नाही. त्या साऱ्या वाटेवर ट्रक, गुरं आणि माणसं आहेत. बदलाबदल जमणारच नसेल, तर दोन्हीकडे चालतात म्हणून विकले जाणारे मधले पॅड घ्या. पण निवडताना थंड असताना ते कसे धरतात, हे आधी विचारा. आणि ट्रॅकवर फेऱ्या कमी मारा.

नवा जोड बसवला, की मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू ब्रेक दाबत पॅड आणि डिस्कची ओळख होऊ द्यावी लागते. पॅड बदलला की डिस्कवरचा आधीचा थर नव्याला मानवायला वेळ लागतो. तोवर थोडी थरथर जाणवेल. ट्रॅकवरून उतरताना शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारा, म्हणजे वाऱ्यानं सगळं निवेल. आणि तापलेली गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. पॅड डिस्कला चिकटून बसतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा.